लढाईचा तास

यशवंतपूर, बेंगळूर
१० मार्च १९६८

चि. पद्माकर,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढचं सगळं वाचशील याची मला खात्री नाही. अण्णांना लिहायचास तेव्हा चार-चार पानं असायची. जानेवारीत ते गेले, तेव्हापासून मला महिन्याला एक निळं एअर-लेटर येतं आणि त्यातली अर्धी जागा कोरी असते. येतं हेच पुष्कळ म्हणायचं.

या वेळच्या पत्रात एक ओळ होती, 'अठरा फेब्रुवारीपासून इथली घड्याळं एक तास पुढे केली आहेत.' बस. पुढे थंडी आणि पाऊस. अरे, एवढी मोठी गोष्ट तू आता सांगतोस? अण्णांनी मला पक्कं शिकवून ठेवलं होतं, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा कर की त्याची वेळ मिळते. ते गेल्यापासून माझा दिवस त्याच हिशेबावर चालतो. संध्याकाळी साडेसहाला मी देवापाशी दिवा लावते, तेव्हा तुझ्याकडे दुपारचा एक. कारखान्यातून जेवायला सुटतोस ती वेळ. म्हणून हात जोडण्याआधी मी मनात म्हणायची, 'सावकाश जेव.' आणि आता कळतंय की त्या वेळी तुझ्याकडे दोन वाजलेले असतात आणि तू जेवण उरकून मशीनपाशी उभा असतोस. म्हणजे वीस दिवस मी रिकाम्या ताटाला आग्रह करत होते. आता साडेचार तास वजा करते आणि साडेपाचलाच, ओट्यापाशी उभी असताना म्हणते. शेजारच्या भाग्यलक्ष्मी-अक्कांनी खिडकीतून ऐकलं आणि कोणाशी बोलता म्हणून विचारलं. मुलाशी म्हटलं. त्यांनी संध्याकाळी बिसीबेळे भात आणून दिला.

तुझा राग मला ठाऊक आहे. देशपांड्यांची नयना आणि तू एकमेकांना पसंत होतात, तिचे वडील विद्याधरराव स्वतः विचारायला आले होते, आणि ते मी मोडलं, हा तो राग. तू तोंडाने एक शब्द बोलला नाहीस, सहासष्टच्या ऑगस्टात सरळ बोटीत जाऊन बसलास. पण मी नाही रे मोडलं. पत्रिकेने मोडलं. तुझ्या आठव्या घरात मंगळ आणि तिला मंगळ नाही. अशी मुलगी मंगळाच्या मुलाला दिली तर तिच्याच जिवावर बेततं, असं शास्त्र सांगतं. मी तर तिचं भलंच पाहिलं. नऊ नोव्हेंबर त्रेचाळीस, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं, ही तुझी वेळ. दवाखान्यात खाटेसमोर भिंतीवर घड्याळ होतं, मी स्वतः पाहिलं. त्यात माझ्या पदरचं काही नाही.

असो. तुझं ते इंग्लंडातलं गेन्सबरो गाव कसं आहे ते तरी लिही. जेवतोस कुठे, झोपतोस कधी. फार मोठं शहर असेल तर राहू दे, मोठ्या शहरातलं मला काही कळत नाही.

तुझी आई


यशवंतपूर
२१ एप्रिल १९६८

चि. पद्माकर,

दोन पानं, तीही पाठपोट! भाग्यलक्ष्मी-अक्कांना मी नुसती दुरून दाखवली.

म्हणजे तुझं गाव आपल्या यशवंतपुरासारखंच निघालं. एक मोठा कारखाना, मंगळवारी बाजार, आणि कोण कोणाकडे आलं-गेलं ते संध्याकाळपर्यंत गावभर. इथे लोक बेंगळूर बेंगळूर म्हणतात, पण पुलापलीकडे आपलं गाव ते गावच. बुधवारी दुपारपासून तिथली सगळी दुकानं बंद, हे मात्र मला पटलं नाही. बुधवारी पाहुणा आला आणि घरात साखर नसली तर काय करायचं? तुझ्या घरमालकीण, त्या मिसेस डॉब्सन, शेजारणीकडे वाटी घेऊन जातात का, ते विचारून कळव. आणि दुधाच्या बाटल्या दारात ठेवून गवळी निघून जातो आणि पाखरं चोचीने झाकण फोडून साय खातात म्हणे. इथे गवळी गाय दारात आणून डोळ्यांसमोर दूध काढतो, तरी भांड्यात आधीच पाणी नाही ना, ते मला वाकून पाहावं लागतं. विश्वासाने दूध ठेवणारं गाव चांगलंच असणार.

नदीचं वाचून तर मी थक्क झाले. समुद्राचं पाणी उलटं चढून येतं, त्याची लाट गावातून जाते आणि लोक काठावर उभे राहून बघतात! मिसेस डॉब्सननी तुला हाताला धरून नेलं, स्वतःचा गळपट्टा तुझ्या गळ्यात बांधला, हे वाचून बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. कोण कुठली बाई, तिने माझ्या मुलाला गळपट्टा बांधायचा आणि मी इथे वाचायचं.

आपल्याकडे नदी नाही. नळाला पहाटे पाचला पाणी येतं, सातला जातं. सात म्हणजे तुझे अडीच, तू गाढ झोपेत. त्याच वेळेला मालगाडीचे डबे जोडायचा दणदणाट चालतो आणि जालहळ्ळीच्या घड्याळांच्या कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबते. नयना त्याच बसने जाते. तू विचारलं नाहीस तरी लिहिते. डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बसवायचं काम करते म्हणे. मी शेवटची घागर भरत असते आणि ती समोरून जाते. मान खाली घालून नाही जात, सरळ माझ्याकडे बघून जाते. मुलीच्या जातीने भल्या सकाळी डबा घेऊन पुरुषांच्या बसमध्ये चढायचं, हे मला तेव्हाही रुचलं नव्हतं. पण ते जाऊ दे, तो वेगळा विषय.

मिसेस डॉब्सन म्हणतात की लढाईत तिथे घड्याळं दोन-दोन तास पुढे केली होती. आपल्याकडेही तसं काही झालं होतं का, असं तू विचारलंस. झालं असेल बाबा. मी तेव्हा पहिलटकरीण, रॉकेल आणि तांदूळ मिळवता मिळवता जीव नकोसा झालेला. मला घड्याळाचं काही नीट आठवत नाही.

कैरीचं लोणचं घातलं आहे. येणारं कोणी भेटलं तर पाठवीन.

तुझी आई


यशवंतपूर
१६ जून १९६८

चि. पद्माकर,

तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हे, समन्स आहे. ग्रंथालयात जाऊन तू शोधून काढलंस की लढाईत, बेचाळीसच्या सप्टेंबरपासून पंचेचाळीसच्या ऑक्टोबरपर्यंत, हिंदुस्थानातलीही घड्याळं एक तास पुढे होती. आणि मग तुझा प्रश्न, 'मी त्रेचाळीसचा. माझ्या पत्रिकेत तो तास वजा केला आहे का?' खाली 'कळवावे'. कचेरीला लिहितात तसं.

मग गेले मी. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, विश्वेश्वरशास्त्र्यांकडे. तुझी पत्रिका त्यांनी तुझ्या मुंजीच्या वेळी केली होती, एक्कावन्न साली. तोवर लढाई संपून सहा वर्षं झालेली, घड्याळं केव्हाच जागेवर आलेली. मी त्यांना पाच वाजून दहा मिनिटं सांगितली आणि त्यांनी ती तशीच धरली. मी विचारलं तेव्हा त्यांचा हात नुसता थांबला. म्हणाले, "वहिनी, त्या तीन वर्षांतल्या प्रत्येक जन्माला मी विचारतो हो, वेळ लढाईची की साधी. तुमच्या वेळी कसं राहिलं?" मग डोळ्याला अगदी जवळ धरून जुनं पंचांग काढलं, दोन कागद खोडले आणि तिसऱ्यावर नवी कुंडली मांडली.

तुझी खरी वेळ चार वाजून दहा मिनिटं. त्या एका तासाने पहिलं घर तुळेचं होतं ते कन्येचं झालं, आणि बाकीची घरंही सगळी सरकली. मंगळ आहे तिथेच आहे, वृषभेत, पण ते घर आता आठवं नाही, नववं. नवव्यातल्या मंगळाचा दोष धरत नाहीत. तुला मंगळ नाही, पद्माकर. कधीच नव्हता.

झालं समाधान? चूक झाली. पण ती शास्त्र्यांची, ज्यांनी विचारलं नाही. नाहीतर सरकारची, ज्याने सूर्याला न विचारता घड्याळं फिरवली. बाळंतिणीला समोरच्या घड्याळात जे दिसलं ते तिने सांगितलं, तिचा काय दोष? आता रागवण्यात अर्थ नाही. अजून काही बिघडलेलं नाही. नयनाचं लग्न ठरलेलं नाही, मी चौकशी केली आहे. पुढच्या रविवारी मी स्वतः देशपांड्यांकडे जाते आणि सांगून येते की अडचण दूर झाली.

उन्हातून आल्याने डोकं दुखतंय. तुझ्याकडे आता दहापर्यंत उजेड असतो म्हणतोस. मग झोप कशी येते?

तुझी आई


यशवंतपूर
३० जून १९६८

चि. पद्माकर,

जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

विद्याधरराव घरी नव्हते, रविवार असूनही स्टेशनवर ड्युटी होती. नयनाने दार उघडलं. साडीला पिन लावून तयार, कुठेतरी निघाली होती. मला बघून दचकली नाही की हसलीही नाही. "या की काकू. बसा," म्हणाली आणि पाणी आणलं. त्यांच्या त्या धारवाडी हेलाची मी पूर्वी नक्कल करायची, तुला आठवत असेल. या वेळी ऐकताना मला नक्कल सुचली नाही.

मी सगळं सांगितलं. लढाई, घड्याळ, चार वाजून दहा मिनिटं, नववं घर. माझं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आता तुमच्या मुलाला मंगळ नाही."

"नाही."

"बरं झालं की. त्याला कळवलंत?"

मी म्हटलं, त्यानेच तर शोधून काढलं. तेव्हा तिची मान जरा वर झाली. मग म्हणाली, "काकू, मंगळ असता तरी मी हो म्हटलं होतं. तेव्हाही. तुमच्या याच पद्माकरला सांगितलं होतं मी, स्टेशनच्या पुलावर उभी राहून. मरायचं तर मी मरणार, तुम्हाला काळजी कशाला? तर तो म्हणाला, आईला समजावतो. आणि समजावलं काय? बोटीचं तिकीट काढलं."

तू मला समजवायला आला नव्हतास कधी. मला वाटत होतं तू माझं ऐकलंस. तिला वाटतं तू घाबरलास. तू इंजिनियर आहेस, दोन्हींतलं खरं काय ते तूच बघ.

हुबळीचं एक स्थळ आलं आहे तिला. मुलगा बँकेत आहे. नागपंचमीच्या आत उत्तर द्यायचं आहे, म्हणजे महिनाही नाही. तिने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "थोडं थांब." तर म्हणाली, "कोणासाठी? तुमच्या शास्त्र्यांसाठी?"

मी उठले. दाराशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी आज लिहीत नाही. मला लिहिता येत नाही.

तुझी आई


यशवंतपूर
२ जुलै १९६८

पद्माकर,

परवाचं पत्र टाकलं आणि दोन दिवस मी जेवले नाही. आता लिहिते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

नयना दाराशी म्हणाली, "काकू, तुमचे यजमान आले होते आमच्याकडे. डिसेंबरात. बाबांना म्हणाले, या पत्रिकेत एक तास जास्त आहे, मला दीड वर्ष ठाऊक आहे, पण घरात बोलता येत नाही. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी." मी विचारलं, मग तू पद्माकरला का नाही कळवलंस? तर म्हणाली, "जे तुमच्या घरातल्या माणसाला घरात बोलता येत नाही, ते मी बाहेर का बोलू?"

ती खोटं बोलली नाही. अण्णांना ठाऊक होतं, कारण अण्णांनीच ते मला सांगितलं होतं. सहासष्टच्या जूनमध्ये. विद्याधरराव विचारून गेले त्याच संध्याकाळी मी तुझी पत्रिका काढून बसले होते आणि अण्णा बुटाच्या नाड्या सोडत म्हणाले, "अगं, शास्त्र्यांनी लढाईचा तास वजा केला होता का? तेव्हा वर्कशॉपमधली सगळी घड्याळं मीच फिरवली होती." मला त्याच क्षणी समजलं. काहीही शोधायला ग्रंथालयात जावं लागलं नाही. लख्ख आठवलं की त्या हिवाळ्यात सात वाजले तरी पुरतं उजाडलेलं नसे आणि लोक त्या वेळेला 'लढाईचा टाइम' म्हणत. मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही यात पडू नका." ते पडले नाहीत. तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. वाद नको म्हणून बसमध्ये दुसऱ्याने उचललेली स्वतःची छत्रीसुद्धा त्यांनी कधी परत मागितली नाही.

म्हणजे मागच्या पत्रांत मी तुला जे लिहिलं ते खोटं आहे. मला सगळं आठवत होतं. शास्त्र्यांना मी उगाच बोल लावला. एक्कावन्न साली झाली ती चूक होती, तिला कोणाचाच इलाज नव्हता. सहासष्ट साली मी केली ती चूक नव्हती.

लोक म्हणतात, हिचा पत्रिकेवर भारी विश्वास. विश्वास असता तर मी दुसऱ्याच दिवशी शास्त्र्यांकडे धावले असते. मला पत्रिका नको होती, मला नाही म्हणायला तोंड हवं होतं. कारखान्यात जाणारी सून मला नको होती. हेल काढून बोलणारी नको होती. आणि खरं सांगू? तेही नव्हे. तिच्या घरचे आले होते त्या दिवशी ती पोह्यांच्या बशा उचलत होती आणि तू तिच्या हातातली बशी घेतलीस. स्वतःहून. माझ्या हातातली बशी तू बावीस वर्षांत घेतली नव्हतीस. मला कळलं की हा आता गेला. मग मी ठरवलं की जाऊ द्यायचा नाही, आणि अशी मुठीत धरायला गेले की तू साता समुद्रापलीकडे जाऊन बसलास. अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला तू नव्हतास, तो तुझा दोष नाही. तुला इथून मी हाकललं.

मला क्षमा कर म्हणून लिहीत नाही. ते तुझ्यावर. पण मला उत्तर लिहिण्यात वेळ घालवू नकोस. इथून तिथे पत्राला आठ दिवस लागतात, तिथून इथे आठ. नागपंचमी एकोणतीस जुलैला आहे. हे पत्र मिळेल त्याच दिवशी लिही, आणि तिला लिही. माझ्या पत्त्यावर नको, विद्याधररावांच्या पत्त्यावर. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलेलं आजवर पुष्कळ झालं.

आई


यशवंतपूर
२२ सप्टेंबर १९६८

चि. पद्माकर,

जुलै गेला, ऑगस्ट गेला. पोस्टमन आपल्या गेटापाशी आला की सायकल थांबवत नसे, नुसती घंटी वाजवून 'इल्ला अम्मा' म्हणून मान हलवायचा आणि पुढे जायचा. नागपंचमी झाली. मी देशपांड्यांच्या गल्लीतून जायचं सोडलं. हुबळीला हो गेलं असेल तर ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळू दे, असं म्हणत राहिले. सकाळी नयना बसला जाताना दिसायची, पण चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. त्या मुलीचा चेहरा वाचता येत नाही. त्याचाही मला पूर्वी राग यायचा.

संध्याकाळी साडेपाचला मी ओट्यापाशी तुझ्याशी बोलायचं बंद केलं होतं. कुठल्या तोंडाने बोलणार?

आज रविवार. सकाळी दार वाजलं आणि नयना उभी. एकटी. आत ये म्हटलं तर आली, खुर्चीत न बसता खाली पाटावर बसली. मी चहा टाकला. तिने पिशवीतून पाकिटं काढली. तुझं अक्षर मला दुरून ओळखता येतं. एक, दोन, तीन, मी मोजत होते. सात निघाली. वाचायला दिली नाहीत, मीही मागितली नाहीत.

"पहिलं सव्वीस जुलैला आलं," ती म्हणाली. "हुबळीला नकार कळवला त्याच संध्याकाळी. तुम्हाला कळवायचं नाही असं मीच त्याला लिहिलं होतं. राग होता मला. त्याच्यावर पण, तुमच्यावर पण."

"आता गेला?"

"त्याच्यावरचा गेला. तुमच्यावरचा स्वल्प आहे अजून. जाईल की हळूहळू."

मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन महिने तू तिला लिहिलंस आणि मला एक ओळ नाही. बरोबर केलंस. माझ्या पत्राचं याहून वेगळं उत्तर मला नकोच होतं. तिने सांगितलं की तू जानेवारीत येतो आहेस, अण्णांच्या वर्षश्राद्धाला. ते झालं की मग तुमचं लग्न, नोंदणीचं, कचेरीत, भटजी नाही, मंगलाष्टकं नाहीत. विद्याधररावांना मान्य आहे. मला विचारायला ती आली नव्हती, सांगायला आली होती. मी तिला म्हटलं, मला मान्य आहे, फक्त विधवा आईला तिथे उभं राहिलेलं चालेल का? ती म्हणाली, "काकू, तुम्ही नसाल तर तो तोंड उघडणार नाही. परत कुठली तरी बोट पकडेल."

चहा झाल्यावर ती उठली. चपला घालताना म्हणाली, "तारीख सांगते. तीन फेब्रुवारी, सोमवार."

मी सवयीने विचारलं, "किती वाजता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रोज बसच्या कोपऱ्यावरून बघते तशीच, पण थोडी हसली. म्हणाली, "वेळ नाही सांगणार. तुम्ही पंचांग उघडाल."

पंचांग इथेच फडताळात आहे, मी उघडलेलं नाही. तूही मला वेळ कळवू नकोस. त्या सोमवारी पहाटे पाण्याआधी उठून मी आंघोळ करीन, बरं लुगडं नेसून पुढच्या खोलीत बसेन, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा निघेन.

तुझी आई